आधी बाथरूमचं विचार गं

अगं, फोनवर तुझा आवाज ऐकला आणि तेव्हाच कळलं, सहल काही गोड झालेली नाही. ऐन डिसेंबरात महाबळेश्वर, सोबत सासू-सासरे आणि लहान लेक, आणि बुकिंगची सगळी जबाबदारी तुझ्या एकटीच्या डोक्यावर. फोटोत खोली एवढी देखणी, आणि आत जाऊन बघावं तर पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये नुसती काच. पडदासुद्धा नाही. सासूबाईंनी सगळ्यांना थंडीत व्हरांड्यात उभं केलं तेव्हा कुठं त्यांची आंघोळ झाली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तू मात्र मनातल्या मनात स्वतःला बोल लावत बसलीस. तो बोल आधी थांबव बघू. ती काच तू बसवलेली नाहीस. सगळ्यांची सोय बघून, चार ठिकाणचे दर ताडून तू बुकिंग केलंस, ते नीटच केलंस.

खरं सांगू का, हल्ली बाथरूम फोटोत छान दिसावं म्हणून बांधतात. काच लावली की लहान खोली मोठी दिसते, आत उजेड जातो. आंघोळ करणाऱ्या माणसाचा विचार कुणी करतच नाही. बघ ना, आपल्याकडे एका खोलीत आजी, आजोबा, नात अशी माणसं राहतात. बाई बाहेर येते ती कपडे घालूनच. मग तिला आत कपडे कोरडे राहतील अशी खुंटी नको? साडी नेसायची तर पायाखाली हातभर कोरडी फरशी नको? मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा ठेवायला एक फळी नको? या गोष्टींना फार पैसाही लागत नाही गं, म्हणून मला जास्त राग येतो.

तू म्हणालीस, पाणी कमोडपाशी साचून राहायचं आणि सासरे भिंत धरून चालायचे. ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. याला कारण एकच, फरशीला ढाळ नव्हता. मीटरला एक-दीड सेंटिमीटर तरी उतार नहाणी ट्रॅपच्या दिशेनं लागतो, तर पाणी वाहून जातं. त्यात आंघोळीची जागा आणि कमोडची जागा यांच्यात अर्धीच काच होती, खाली उंबऱ्यासारखी पट्टी नव्हती. वर चकचकीत गुळगुळीत टाइल्स. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा धोक्याची जागा नाही.

आणि गरम पाणी पुरलं नाही, तो दोष लेकीच्या खेळण्याला देऊ नकोस. १५ लिटरच्या गिझरमधलं साठ अंशांचं पाणी थंड पाण्यात मिसळलं की आंघोळीजोगं पाणी साधारण ३० लिटर होतं, म्हणजे दीड बादली. छतातला तो मोठा शॉवर मिनिटाला दहा लिटर सहज ओततो. तीन मिनिटांत संपलंच की! पुन्हा तापायला वीसेक मिनिटं. बादली आणि मग असता तर त्याच पाण्यात दोघं निवांत न्हाली असती. त्यातून नळाची कळ शॉवरच्या बरोबर खाली. गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं गार पाणी डोक्यावर घ्यायचं, कडाक्याच्या थंडीत!

आता पुढच्या वेळचं बोलू. बुकिंग करण्याआधी सरळ हॉटेलच्या काउंटरवर फोन लाव आणि नाश्त्याचं विचारायच्या आधी बाथरूमचं विचार. दार पक्कं आहे का, मधली भिंत काचेची आहे का, बादली-मग मिळेल का, गिझर किती लिटरचा, गरम पाणी ठरावीक वेळेतच सोडता का, कमोडजवळ धरायला दांडी आहे का. लाजू नकोस. आणि ‘वयस्कर माणसं आहेत, बाथरूमचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ असं हक्कानं सांग. जो टाळाटाळ करेल तिथं जायचंच नाही.

पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी आत एक फेरी मार. गिझर लाव, फ्लश करून बघ, बादलीभर पाणी फरशीवर ओतून ते कुठं जातं ते बघ. वास येत असेल तर घाबरू नकोस, खोली बंद राहिली की ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. जाळीत दोन मग पाणी ओतलं की बहुतेक वेळा थांबतो. बाकी काही पटलं नाही तर तिथल्या तिथं खोली बदलून माग. सामान पसरल्यावर मागणं जड जातं, आपल्यालाही आणि त्यांनाही. बॅगेत दाराला अडकवायचे दोन-तीन हुक, जुनी चादर, चार चिमटे आणि सासऱ्यांच्या रबरी सपाता असू देत. चादर काचेवर लावता येते.

या हॉटेलचं काय करायचं म्हणतेस? फोटो काढलेस ते फार बरं केलंस. आता शांतपणे त्यांना ई-मेल लिही, काय दाखवलं होतं आणि काय मिळालं ते तारखांसकट. उत्तर आलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदव. त्याहून पुढं जावंसं वाटलं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तू राहतेस त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते, महाबळेश्वरला खेटे घालावे लागत नाहीत. पण सध्या दमली असशील तर नुसती ई-मेल पुरे. पुढचं पुढं.

आणि हो, जाता जाता म्हणालीस ना, तसलं काचेचं बाथरूम आपल्या घरी केलं तर? अगं, नको! चार बाय सातच्या बाथरूममध्ये रोज ती काच पुसणार कोण? बोअरचं पाणी असेल तर आठ दिवसांत पांढरे डाग धरतात. ओट्यावर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिनही नको. ओटा ३२ इंच, वर सहा इंचांचं भांडं, मग पाच फूट उंचीच्या बाईचं पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि लेकीला तर स्टुलाशिवाय पोचणारच नाही. पैसा घालायचाच तर धरायच्या दांडीत घाल, अँटी-स्किड टाइल्समध्ये घाल. खोक्यावर आर-१० किंवा आर-११ लिहिलेलं बघून घे. दार बाहेर उघडणारं कर. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि आपल्याला आत जाता येत नाही. ढाळ मात्र टाइल्स बसवताना तू स्वतः उभी राहून पाणी ओतून तपास, मिस्त्री कितीही ‘झालं ताई’ म्हणू दे. त्या दिवशी मला फोन कर, मीही येते.