सोळाव्या वर्षी बी.टेक.

निकाल लागला गुरुवारी, 24 ऑगस्ट 2017 ला. दुसऱ्या दिवशी गणपती. सकाळी जीसीएसईचं, म्हणजे इंग्लंडच्या दहावीचं, पाकीट फोडलं. गणितात 8! गणित-इंग्रजीला 9 ते 1 अशा श्रेणींचं ते पहिलंच वर्ष. दुपारी पुढच्या दोन वर्षांसाठी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात नाव घालायला मी एकटाच गेलो, कारण आई मोदकांच्या सारणात आणि बाबा मखरात अडकलेले. "पुढे उपयोगी पडेल असं काहीतरी घे," एवढंच बाबा फोनवर म्हणाले.

बाबा आयटीत, म्हणून मी आयटी घेतलं. वाद घालायची हौस, म्हणून लॉ. तिसरा विषय बिझनेस, कारण मागे रांग वाढत होती. गणित सोडलं. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी हे खुशाल करता येतं, आणि आपली मराठी घरं फसतात ती इथेच. आपल्याकडे अकरावीला सायन्स घेतलं की विषयांचं गाठोडंच हातात येतं. इथे ए-लेव्हलला बहुतेकांचे तीनच विषय, तेही सुटे.

घरी कुणाला शंका आली नाही. पुण्यातली चुलतबहीण बारावीला भाषेऐवजी आयटी घेऊन, भरपूर मार्क काढून मोकळी झाली होती. त्यात माझ्या आयटीच्या कोर्सचं नाव बीटेक! आईने ते फोनवर आजीला सांगितलं मात्र, सदाशिव पेठेत पेढे वाटले गेले. सोळाव्या वर्षी नातू बी.टेक.ला! इथलं बीटेक म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम, आणि मी घेतलेलं तर जेमतेम एका ए-लेव्हलच्या वजनाचं.

कोर्स वाईट नव्हता, मला वाटला तो नव्हता इतकंच. डेटाबेसचं युनिट आवडलं. पण एक युनिट धंद्यात सोशल मीडिया कसा वापरावा याचं होतं. कपकेकच्या एका काल्पनिक दुकानासाठी कुठल्या वारी कुठला फोटो टाकायचा याचं वेळापत्रक मी कित्येक आठवडे आखत होतो, स्क्रीनशॉट काढून अहवालात डकवत होतो. काचेपलीकडच्या वर्गात कम्प्युटर सायन्सवाली मुलं फळ्यावर अल्गोरिदमशी झटापट करायची.

लॉ मात्र रंगला. जिंजर बियरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याच्या तक्रारीवरून 1932 साली ब्रिटिश न्यायालयाने उत्पादकाची जबाबदारी ठरवली, तो किस्सा मी अजूनही जेवताना सांगतो आणि शिव्या खातो. पण कायद्याच्या पदवीला ए-लेव्हल लॉ लागतच नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखी काही विद्यापीठं एलनॅट ही परीक्षा मागतात. तिच्यात 42 प्रश्न आणि एक निबंध असतो, आणि कायद्याचं एक अक्षर माहीत नसलं तरी चालतं. इतिहास, इंग्रजी घेणारी मुलं तिथे मुळीच मागे पडत नाहीत. आवड असेल तर लॉ जरूर घ्या, पण तो घेतल्याशिवाय वकील होता येत नाही या समजुतीने नको.

माझं घोडं अडलं ते पुढच्या जूनमध्ये, एका विद्यापीठाच्या ओपन डेला. संगणकशास्त्राच्या टेबलावर पहिलाच प्रश्न आला, "मॅथ्स घेतलंय ना?" मी जीसीएसईचा 8 सांगितला. बाई हसल्या, प्रेमळच हसल्या, आणि पदवीआधीच्या फाउंडेशन इयरचं पत्रक पुढे केलं. चांगल्या विद्यापीठांत संगणकशास्त्राला बहुतेक ठिकाणी ए-लेव्हलचं गणित लागतं. कम्प्युटर सायन्स हा विषय नसला तरी पुष्कळ ठिकाणी चालतं! हे त्यांच्या संकेतस्थळांवर उघड लिहिलेलं होतं. मी ते दहा महिने उशिरा वाचलं. त्या उशिरापायी एक जादा वर्ष गेलं आणि 9,250 पौंड फी भरावी लागली.

म्हणून आता ओळखीतलं कुणी मूल विचारायला आलं की मी आधी पदवीचं पान उघडायला लावतो, कॉलेजचं माहितीपत्रक नंतर. कोर्सच्या नावावर जाऊ नका, युनिटांची यादी मागा, आणि परीक्षा किती नि असाइनमेंट किती हेही विचारा. संगणकाकडे जायचा किंचितही विचार असेल आणि गणित झेपत असेल, तर ते सोडू नका. चूक झालीच, तर सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलून मिळू शकतो; तेव्हा लाज धरू नका. मी धरली होती.

2023 मध्ये मी संगणकशास्त्राची पदवी घेतली. आजीच्या हिशेबी ती दुसरी.