घोळक्याचा अपराध आणि एकट्याचा पश्चात्ताप : तीन लघुकथांचा अभ्यास

वाल्या कोळ्याची गोष्ट आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? वाटसरूंस मारून प्रत्येक हत्येमागे एकेक खडा रांजणात टाकणाऱ्या त्या वाल्याचे सात रांजण भरले, तेव्हा नारदमुनींनी त्याला घरी जाऊन एवढेच विचारावयास सांगितले की, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होण्यास तयार आहेत काय? बायकामुलांनी लुटीत वाटा घेतला होता. पापात वाटा घेण्यास मात्र कोणीही पुढे आले नाही. या कथेतील मर्म तेच आमच्या आजच्या विषयाचेही मर्म होय. दहाजणांनी मिळून केलेले दुष्कृत्य करतेवेळी दहा ठिकाणी वाटले जाते व म्हणून हलके वाटते; परंतु पुढे ते आठवू लागले म्हणजे प्रत्येकास ते संपूर्णच आठवते.

मुले निष्पाप असतात असे आपण म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तथापि तीच मुले घोळक्याने जमली म्हणजे एखाद्या सोबत्याशी किती निष्ठुरपणे वागू शकतात, हे शाळेत वावरणाऱ्या कोणासही नव्याने सांगावयास नको. एखाद्याचे व्यंग, बोलण्याची लकब, अंगावरचे कपडे, बापाचा धंदा, यांपैकी काहीही निमित्तास पुरते. त्याला एक टोपणनाव मिळते, त्याच्याशी सर्वांची 'कट्टी' होते, डबा खाताना त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. मोठ्या माणसांनी कोणास वाळीत टाकले तर आपल्या राज्यात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमान्वये तो गुन्हा ठरतो. मुलांच्या कट्टीस असा कायदा लावता येत नाही. तेथे जे काम व्हावयाचे ते सद्सद्विवेकानेच व्हावयाचे, आणि तो जागा करण्यास चांगल्या गोष्टीइतके सौम्य व प्रभावी साधन क्वचितच सापडेल. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तीन लघुकथांचा विचार योजिला आहे.

तत्पूर्वी एक सत्य घटना पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना एके दिवशी शिक्षकांनी त्यांस गणित सोडविण्याकरिता फळ्याकडे बोलाविले. त्या फळ्यामागे वर्गातील मुलांचे खाण्याचे डबे ठेवलेले असत. अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या सान्निध्याने आपले अन्न विटाळेल या भीतीने वर्गात एकच गलका उडाला, आणि भीमराव फळ्यापाशी पोहोचण्यापूर्वीच मुलांनी धावत जाऊन आपापले डबे दूर केले. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग नमूद केला आहे. त्याच शाळेतून १९०७ साली आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळांत घेण्याची आज्ञा केली. राजाज्ञेने एका छपराखाली बसण्याचा हक्क मिळाला. परंतु बाकावर सरकून शेजारी जागा देणे हे शेवटी शेजारच्या मुलाच्याच हाती राहते.

ही घटना, जिने सोसावे लागले त्या बाजूने नोंदली गेली आहे. डबे उचलणाऱ्या मुलांची नावे त्या नोंदीत नाहीत, आणि त्यांची मनेही नाहीत. पुढे मोठेपणी त्यांपैकी कोणास तो गलका आठवला काय, हे इतिहास सांगू शकत नाही. घोळक्यात उभ्या असलेल्या मुलाच्या मनात शिरण्याचे काम कथा करते. हाच तिचा विशेष होय.

पहिली कथा रवींद्रनाथ टागोरांची. 'गिन्नी' ही त्यांची लघुकथा १८९१ साली लिहिलेली आहे. 'गिन्नी' म्हणजे बंगालीत घरधनीण. शिवनाथ पंडित नावाच्या शिक्षकास विद्यार्थ्यांना बोचरी टोपणनावे देण्याची खोड होती. एका मुलास तर त्यांनी माशाचे नाव दिले होते. त्यांच्या वर्गात आशु नावाचा अत्यंत लाजाळू मुलगा होता. मधल्या सुटीत घरची दासी आपल्यासाठी खाणे घेऊन येते, एवढ्याचाही त्याला संकोच वाटे. सुटीच्या दिवशी पाऊस पडत असताना तो धाकट्या बहिणीबरोबर बाहुलीचे लग्न लावण्याचा खेळ खेळत होता. लग्नास भटजी हवा म्हणून बहीण धावत गेली आणि पावसामुळे त्यांच्याच घराच्या आडोशास उभ्या असलेल्या एका गृहस्थास बोलावू लागली. ते गृहस्थ शिवनाथ पंडित निघाले! दुसऱ्या दिवशी पंडितांनी भर वर्गात ती हकीकत सांगून आशूचे नाव 'गिन्नी' ठेविले, आणि सुटीत सारी मुले त्याच्याभोवती जमून त्या नावाने ओरडू लागली. कथेच्या अखेरीस त्या पोरास असे वाटू लागते की, बहिणीबरोबर खेळलो हीच आपल्या आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणी चूक झाली.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, ज्यांना लाज वाटावयास हवी होती ते हसत आहेत, आणि ज्याने बहिणीवर माया केली तो मात्र लाजेने मरत आहे. मुलांनी केवळ ओरडा केला. शब्द त्यांना शिक्षकाच्या तोंडून मिळाला. ही कथा म्हणून आम्हां शिक्षकांसाठी आहे. वर्गात आमच्या तोंडून सहज निघालेली थट्टा ही मुलांच्या घोळक्यास मिळालेली परवानगी ठरते.

दुसरी कथा पालकांनी वाचावी अशी. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या कॅथरिन मॅन्सफील्ड यांची 'द डॉल्स हाउस', अर्थात 'बाहुलीघर', १९२२ साली प्रसिद्ध झाली. बर्नेल कुटुंबातील तीन मुलींना एक सुंदर बाहुलीघर भेट मिळते. शाळेतील सर्व मुली दोघी-दोघी येऊन ते पाहून जातात. वगळल्या जातात त्या केवळ केल्व्ही भगिनी, कारण त्यांची आई धुणे धुते आणि बाप तुरुंगात असल्याची वदंता आहे. त्यांच्याशी बोलावयाचे नाही, हे मुलींना घरूनच सांगितलेले असते. एके दिवशी मुली त्या दोघींस घेरून बापावरून टोमणा मारतात, आणि त्यानंतर त्यांना इतका हुरूप येतो की, दोरीवरच्या उड्या त्यांनी तशा पूर्वी कधीच मारल्या नव्हत्या. धाकटी केझिया त्या दोघींस चोरून अंगणात घेते, तेव्हा तिची मावशी त्यांना कोंबड्यांप्रमाणे हुसकून लावते. आणि मावशीच्या मनावरचे स्वतःचे ओझेही त्यामुळे हलके होते. लेखिकेने दोन्ही ठिकाणी तीच गोष्ट दाखविली आहे. दुबळ्यास दुखविले की क्षणभर हलके वाटते, आणि ही चटक मुले मोठ्यांकडूनच उचलतात. 'अमक्याच्या मुलाबरोबर खेळू नकोस,' हे वाक्य जेवताना बोलले जाते. त्याचे फळ दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात दिसते.

तिसरी कथा खास विद्यार्थ्यांची. अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची 'ऑल समर इन अ डे', म्हणजे 'एका दिवसात सारा उन्हाळा', ही १९५४ ची कथा शुक्र ग्रहावर घडते. तेथे अखंड पाऊस पडत असून सात वर्षांतून एकदा, केवळ तासभर, सूर्य दिसतो. आषाढात आठवडाभर ऊन पडले नाही तर कोल्हापूरकरांचा जीव कसा कासावीस होतो हे आठवावे, म्हणजे त्या मुलांची आतुरता कळेल. वर्गातील नऊ वर्षांच्या मुलांना सूर्य आठवत नाही. मार्गो नावाची मुलगी मात्र चार वर्षांची होईपर्यंत पृथ्वीवर राहिलेली असल्याने तिला तो स्पष्ट आठवतो. ती अबोल आहे, खेळात मिसळत नाही, आणि पुढे कदाचित पृथ्वीवर परत जाईल. एवढ्यासाठी सर्वांचा तिच्यावर राग. नेमक्या त्या दिवशी, बाई वर्गाबाहेर असताना, मुले तिला ओढत नेऊन एका कपाटखोलीत कोंडतात. बाई येऊन विचारतात, "सर्व आलात ना?" सर्व मुले "हो" म्हणतात. सूर्य निघतो, मुले उन्हात मनसोक्त बागडतात. आणि हातावर पावसाचा पहिला थेंब पडताच त्यांना मार्गो आठवते. ती एकमेकांच्या नजरेस नजर देऊ शकत नाहीत. जड पावलांनी ती जातात, दार उघडतात, आणि कथा तेथेच संपते. मार्गोचा चेहरा लेखक आपणांस दाखवीत नाही.

शुक्राविषयीची ही कल्पना शास्त्राने पुढे खोटी ठरविली. तेथील पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस असून तेथे पाण्याचा पाऊस पडत नाही. परंतु मुलांच्या मनाविषयी लेखकाने जे सांगितले ते खोटे ठरलेले नाही. त्या कथेतील सर्वांत भयंकर शब्द कोणता, असे आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही सांगू की, तो "हो" हा होय. मार्गोला ढकलणारे हात काही थोडे असतील. "हो" मात्र सर्वांनी म्हटले. ज्याने हात लावला नाही तोही त्या एका शब्दाने सामील झाला.

घोळक्यात असे का होते? संत ऑगस्टीन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या आत्मनिवेदनात याचे उत्तर शोधले आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी सोबत्यांसह त्यांनी रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. ती खाण्याकरिता नव्हे, कारण बहुतेक डुकरांपुढे टाकली. एकटा असतो तर मी हे केलेच नसते, असे ते निक्षून सांगतात. सोबत्यांपुढे मागे सरण्याची लाज हेच त्या कृत्याचे कारण. ध्यानी घेण्यासारखे हे की, सुमारे तीस वर्षांनंतर, विद्वान धर्मगुरू झाल्यावरही, त्या मूठभर फळांचा त्यांस विसर पडला नव्हता.

असा पश्चात्ताप इतका दीर्घकाळ का टिकतो? आमच्या मते त्याचे कारण साधे आहे. ज्याची क्षमा मागावयाची तो माणूस पुढे भेटतच नाही. शाळा सुटते, वर्गसोबती गावोगाव पांगतात, कोणाच्या वडिलांची बदली होते. घोळका मोडून जातो, आणि त्यातील प्रत्येकजण आपल्या आठवणीसह एकटा उरतो. ऋण तर आहे, पण फेडावयाचे कोणापाशी? वाल्याचे रांजण वाटून घेण्यास कोणी आले नाही; याही रांजणाचे तसेच आहे.

विद्यार्थिमित्रहो, यावर उपाय आहे, आणि तो तुमच्याच वयात करता येण्याजोगा आहे. घोळका बाहेरून बलाढ्य दिसतो. परंतु तो "हो" वर उभा असतो, आणि एकाच्या "नाही" ने त्यास तडा जातो. केझियाने अंगणाचे फाटक उघडले, तेव्हा तिने कोणाशी भांडण केले नाही. तिने केवळ दोन मुलींना आत घेतले. तुम्हांसही व्याख्यान देण्याची गरज नाही. टोपणनावाऐवजी खऱ्या नावाने हाक मारावी, रिकाम्या जागी जाऊन बसावे, आणि मोठ्यांनी विचारले असता खरे सांगावे. जे होऊन गेले असेल त्याची क्षमा, तो सोबती अजून शेजारच्या बाकावर आहे तोवर, आजच मागावी.

अभ्यासासाठी तीन प्रश्न देऊन हा लेख पुरा करतो. आशूच्या वर्गातील एका मुलाने वीस वर्षांनी आशूस पत्र लिहिले असते तर ते कसे लिहिले असते? केल्व्ही भगिनींविषयी घरी सांगितलेला नियम मोडणारी केझिया आज्ञाभंग करते की कर्तव्य? आणि दार उघडल्यावर मार्गोस त्या मुलांनी पहिला शब्द कोणता बोलावा? उत्तरे वहीत लिहावी, आणि शक्य झाल्यास आईवडिलांस वाचून दाखवावी.