भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात : किल्लारीचा धडा

भाड्याचे घर सोडून स्वतःच्या घरात राहावयास जाणे हा सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील मोठा टप्पा होय. वास्तुशांत झाली, दाराला तोरण लागले, की घर आपले झाले असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु घर खऱ्या अर्थाने आपले होते ते दोन गोष्टींनी : दप्तरातील नोंदीने आणि भिंतींच्या मजबुतीने. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या भूकंपाने या दोन्ही गोष्टींचे महत्त्व पटवून दिले.

घर पडते, नोंद उरते

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 4 च्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, हा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या घराचे क्षेत्र जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व 1 हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टर असणाऱ्यांस 400 आणि त्याहून अधिक असणाऱ्यांस 750 चौरस फूट.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. घर उभे असते तोवर त्यात कोण राहतो हे सारा गाव जाणतो. ते पडल्यावर मात्र हक्काचा हिशेब कागदावरून होतो. ग्रामपंचायतीच्या करआकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना 8 मध्ये, मालक व भोगवटादार यांचे रकाने वेगळे असतात. भाडेकरू फार तर दुसऱ्या रकान्यात येतो. वर्षानुवर्षे भाडे भरल्याने तो पहिल्या रकान्यात जात नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

नमुना 8 चा उतारा करआकारणीसाठी असतो. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका पाहावी. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून गावठाणातील घरांना अशा पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. जागा गावठाणाबाहेर असल्यास सातबारा व बिगरशेती वापराची कागदपत्रे तपासावीत.

मुद्रांक कागदावर साधा करार करून, रक्कम देऊन घराचा ताबा घेण्याची पद्धत अनेक गावांत आढळते. ताबा मिळाला तरी मालकी मिळत नाही. 100 रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीस नोंदणीकृत खरेदीखत आवश्यक आहे. त्यानंतर संबंधित दप्तरात नव्या मालकाचे नाव लावून घेण्यास विसरू नये.

ज्यांना जागाच नाही अशा पात्र घरकुल लाभार्थ्यांसाठी महाराष्ट्रात 2015 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. तेथे विधवा, अविवाहित व विभक्त व्यक्तींचे अपवाद वगळता घरकुल पती-पत्नींच्या संयुक्त नावे मंजूर करता येते. स्वतःच्या पैशाने घर घेणाऱ्यांनीही हा पायंडा अनुसरावा. पतीच्या पश्चात पत्नीला घराच्या हक्कासाठी खेटे घालावे लागू नयेत.

मालकाची जबाबदारी

किल्लारी परिसरात बळी घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व मातीच्या जड माळवदांनी. भाडेकरूला भिंतीला हात लावता येत नाही. मालकाला मात्र ती मजबूत करता येते. याच पुनर्वसन कार्यक्रमात सुमारे 1 लाख 90 हजार घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांच्या सहभागातून, तांत्रिक मार्गदर्शनाखाली करण्यात आले. भिंतीची दोन्ही अंगे जोडणारे आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा सलग काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर या साध्या गोष्टींनी घराला बळ येते.

ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांनी या बाबी ग्रामसभेत समजावून सांगणे अगत्याचे आहे. गावात किती कुटुंबे भाड्याने राहतात आणि किती जणांची खरेदी साध्या कागदावर अडकली आहे, याची माहिती संकट येण्यापूर्वीच घेतलेली बरी. दप्तर दुरुस्त करण्याचे काम शांततेच्या काळातच होऊ शकते.