ट्रॉलीचा आस आणि ट्रॉलीचे ब्रेक



वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात केनवड नावाचे गाव आहे. सोयाबीनची मळणी आटोपली की अशा गावांतून पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या बाजार समितीच्या वाटेला लागतात. पुढे धडधडणारा ट्रॅक्टर आणि मागे डुलत येणारी ट्रॉली हे दृश्य तुम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. पण उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या खाली वाकून कधी पाहिले आहे काय? पाहिलेत तर दोन चाकांना जोडणारा एक जाड लोखंडी दांडा दिसेल. हाच ट्रॉलीचा आस, म्हणजे एक्सल. आता चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेक दिसतो का ते पहा. पुष्कळ जुन्या ट्रॉल्यांना तो नसतोच!

समजा, केनवडच्या एका शेतकऱ्याकडे अशीच एक जुनी दुचाकी ट्रॉली आहे. तिचा आस मध्यभागी खाली झुकला आहे. त्यामुळे दोन्ही चाके वरच्या बाजूने आत कलली आहेत आणि टायर एकाच कडेला झिजत आहेत. शेतकरी वर्कशॉपमध्ये जाऊन म्हणतो, "नवा आस टाका, आणि ब्रेकही बसवून द्या." आस किती जाड हवा? तो कोठे बसवावा? ब्रेक कशाला हवेत? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या शाळेतल्या विज्ञानातच आहेत. ती आपण शोधू या.

बैलगाडीपासून सुरुवात

बैलगाडीचा आस फिरत नाही. त्याच्या टोकांवर चाके फिरतात. ट्रॉलीचेही तसेच आहे. जुन्या बैलगाडीत लोखंडी धाव बसवलेले लाकडी चाक आसावर घासत फिरे. म्हणून वंगण घालावे लागे. या घासण्यात बैलांची बरीच शक्ती वाया जाई. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. पुढे हवेचे टायर आणि बेअरिंग असलेल्या गाड्या आल्या. बेअरिंगमध्ये पृष्ठभाग एकमेकांवर घासत नाहीत, तर मधल्या गोळ्या किंवा रुळ्या गडगडतात. त्यामुळे घर्षण फार कमी होते.

पण येथेच एक गंमत आहे. घर्षण कमी झाले म्हणजे गाडी ओढायला हलकी झाली, आणि थांबवायला अवघड झाली! जुनी गाडी आपल्याच घर्षणाने लवकर थांबे. बेअरिंगवरची ट्रॉली उतारावर आपोआप धावू लागते. ओढण्याच्या वेळी जे घर्षण आपण काढून टाकले, ते थांबण्याच्या वेळी आपल्याला पुन्हा हवे असते. हवे तेव्हाच घर्षण निर्माण करणारे साधन म्हणजे ब्रेक.

आस किती जाड असावा?

आपल्या ट्रॉलीचे स्वतःचे वस्तुमान १,००० किग्रॅ. धरू. तिच्यात ६० किलोची ५० पोती घातली तर ३,००० किग्रॅ. माल झाला. एकूण ४,००० किग्रॅ. यांपैकी सुमारे एक दशांश, म्हणजे ४०० किग्रॅ. भार ट्रॅक्टरच्या हुकवर येतो असे माना. उरलेला ३,६०० किग्रॅ. भार दोन चाकांवर, म्हणजे एका चाकावर १,८०० किग्रॅ. गुरुत्वत्वरण १० धरले तर हे बल १८,००० न्यूटन होते.

जमीन चाकाला वर रेटते. चाकापासून २५ सेंमी. आत, ट्रॉलीचा सांगाडा आसाला खाली दाबतो. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे. येथे ते १८,००० × ०.२५ = ४,५०० न्यूटन-मीटर आहे. हेच परिबल आसाला वाकवू पाहते.

चौरस छेदाच्या दांड्याची वाकण्याला तोंड देण्याची क्षमता त्याच्या बाजूच्या घनावर अवलंबून असते. बाजू दुप्पट केली तर दांडा चौपट जड होतो, पण वाकण्याच्या दृष्टीने आठपट मजबूत होतो. परिबलाला बाजूच्या घनाच्या एक षष्ठांशाने भागले की आसाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागावरील प्रतिबल मिळते. आपला जुना आस ६५ मिमी. बाजूचा असेल तर हे प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला सुमारे ९८ न्यूटन येते. आस ७५ मिमी.चा घेतला तर ते ६४ पर्यंत उतरते.

साधे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन प्रतिबलापर्यंत टिकते. त्यापुढे ते कायमचे वाकते. मग ९८ वर जुना आस वाकला कसा? कारण आपला हिशेब उभ्या ट्रॉलीचा आहे. चाक खड्ड्यात आदळले की क्षणभर भार दुप्पट होऊ शकतो. त्यातच ५० ऐवजी ७५ पोती घातली तर एकूण वस्तुमान ५,५०० किग्रॅ. होते. आता प्रतिबल सुमारे २७० होईल आणि ६५ मिमी.चा आस वाकेल. ७५ मिमी.च्या आसात ते १७६ च्या आसपास राहील. अवघ्या १० मिमी.चा हा फरक आहे!

तरी "आस जाड आहे, आता कितीही भरा" असे म्हणणे चुकीचे ठरेल. टायर, बेअरिंग, हुक आणि ब्रेक यांचीही मर्यादा असते.

धातूलाही शिणवटा येतो

पोलाद एका दणक्यानेच तुटते असे नाही. लहान लहान दणके लाखो वेळा बसले तरी ते तुटते. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चांगला दिसणारा आस एकाएकी का मोडावा, याचा अभ्यास त्यानंतर जोराने सुरू झाला. ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने १८५० ते १८७० या काळात आसांवर पुनःपुन्हा भार देऊन प्रयोग केले. एकदाच दिलेला मोठा भार सोसणारे लोखंड, त्याहून लहान भार असंख्य वेळा दिल्यास तुटते असे त्याने दाखवले. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात.

रेल्वेचा आस चाकाबरोबर फिरतो, म्हणून प्रत्येक फेऱ्यात त्यावरील ताण आणि दाब यांची अदलाबदल होते. १ मीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ३१८ फेरे घेते. तेव्हा ही अदलाबदलही तितक्याच वेळा होते. ट्रॉलीचा आस फिरत नाही, पण रस्त्याच्या प्रत्येक दणक्याने त्यावरील प्रतिबल कमीजास्त होते. भेगा बहुधा वेल्डिंगजवळ किंवा जाडी एकदम बदलते तेथे सुरू होतात. म्हणूनच वाकलेला आस तापवून, ठोकून सरळ करणे किंवा भेगेवर वेल्डिंगचे ठिगळ लावणे धोक्याचे असते. तो बदलणेच शहाणपणाचे.

आस कोठे बसवावा?

आपल्या ट्रॉलीत हुकपासून आसापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे आणि भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंमी. पुढे आहे असे समजा. तर हुकवरचा भार ४,००० × ०.३ ÷ ३ = ४०० किग्रॅ. आपण वर धरलेला एक दशांश तो हाच. नवा आस चुकून ३० सेंमी. पुढे बसवला तर गुरुत्वमध्य बरोबर आसावर येईल आणि हुकवरचा भार शून्य होईल. आणखी पुढे गेला तर ट्रॉली हुकला वर उचलू लागेल. मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली शेपटीसारखी डावीउजवीकडे झोके घेऊ लागते. परदेशात मोटारीमागे जोडून नेतात त्या फिरत्या घरांच्या बाबतीतही हाच नियम पाळतात.

आस सरळ बसला आहे हे कसे ओळखावे? हुकच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत दोरी लावून अंतरे मोजा. ती सारखी आली पाहिजेत. येथे समद्विभुज त्रिकोण तुमच्या मदतीला धावून येतो!

ब्रेक कशासाठी?

ताशी १८ किमी. म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या वेगाने जाणाऱ्या ४,००० किग्रॅ.च्या ट्रॉलीची गतिज ऊर्जा ½ × ४,००० × ५² = ५०,००० ज्यूल असते. वेग ताशी ३६ किमी. केला तर ती २,००,००० ज्यूल होते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. तीच ट्रॉली ५ मीटर उंचीवरून खाली टाकली तर जमिनीवर पोचताना तिच्याजवळ एवढीच ऊर्जा असेल.

ही ऊर्जा कोणी शोषायची? ट्रॉलीला ब्रेक नसतील तर सर्व काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना करावे लागते. ट्रॅक्टर २,००० किग्रॅ.चा आणि त्याच्या मागच्या चाकांवर हुकसह १,८०० किग्रॅ. भार धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.६ धरला तर जास्तीत जास्त १०,८०० न्यूटन घर्षण मिळेल. थांबवायचे वस्तुमान मात्र ६,००० किग्रॅ. आहे. मंदन १.८ मी./से.² येते. ताशी ३६ किमी. वेगावरून थांबायला सुमारे २८ मीटर लागतील. चालकाला ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागला तर आणखी १० मीटर.

आता ट्रॉलीला ब्रेक बसवले आणि तिच्या चाकांच्या पकडीचा निम्माच उपयोग झाला असे धरले, तरी १०,८०० न्यूटनची भर पडते. थांबण्याचे अंतर निम्मे, म्हणजे सुमारे १४ मीटर होते.

खरी कसोटी पावसात लागते. चिखलाने निसरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.३ झाला तर ट्रॅक्टरची चाके ५,४०० न्यूटनच घर्षण देऊ शकतात. रस्ता दहा मीटरला एक मीटर उतरत असेल तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना खाली ओढणारे बल सुमारे ६,००० न्यूटन असते. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबले तरी ट्रॅक्टर थांबणारच नाही! उलट मागची ट्रॉली त्याला ढकलील, आणि वळणावर असेल तर ट्रॅक्टर व ट्रॉली यांची घडी होऊन ट्रॅक्टर उलटेल. चालकाची चूक नसली तरी अपघात होतो, तो असा. ट्रॉलीला ब्रेक असतील तर वरील रीतीनेच आणखी ५,४०० न्यूटन मिळतात आणि ताशी १८ किमी. वेगावरून ती १६ मीटरांत थांबते.

ब्रेक कसे बसवतात?

चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रममध्ये दोन अर्धगोल पट्ट्या असतात. त्या फाकल्या की ड्रमला घासतात आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. या पट्ट्या ज्या चकतीवर बसवतात ती आसालाच घट्ट जोडलेली असावी लागते. जुन्या साध्या आसाला ती नसते. म्हणून ब्रेक हवे असतील तर बहुधा आसच बदलतात.

पट्ट्या फाकवायच्या कशा? ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबाने हे करता येते. दुसऱ्या एका प्रकारात ट्रॉलीचा धक्काच उपयोगी पडतो. ट्रॅक्टर मंद झाला की ट्रॉली पुढे रेटते, हुकजवळचा सरकता दांडा मागे दबतो आणि ब्रेक लागतात. ज्या धक्क्याने अपघात व्हायचा, त्याच धक्क्याने ट्रॉली थांबते!

एक गोष्ट मात्र विसरू नका. आपल्या उदाहरणात प्रत्येक चाकावर ५,४०० न्यूटन ब्रेकबल आहे आणि चाकाची त्रिज्या ०.४ मीटर धरली तर २,१६० न्यूटन-मीटर परिबल आसाला पिळते. पूर्वी आसाला फक्त भार सोसायचा होता. आता पीळही सोसायचा आहे. म्हणून त्याला सांगाड्याशी धरणारे बोल्टही तितकेच भक्कम हवेत. वाहनात असे बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे वाहनाच्या नोंदीशी विसंगत ठरणारे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत.

करून पहा

१. लाकडी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये वजन टांगा. मग तीच पट्टी कडेवर उभी धरून तेच वजन टांगा. केव्हा कमी वाकते?

२. पट्टीच्या एका टोकाला स्प्रिंगकाटा लावून ते टोक वर धरा. पट्टीखाली पेन्सिल टेकू म्हणून ठेवा व पट्टीवर एक वजन ठेवा. पेन्सिल मागेपुढे सरकवून काट्यावरील वाचन लिहा. पेन्सिल म्हणजे आस आणि काटा म्हणजे हुक.

३. गावातील ट्रॉल्या उभ्या असताना, मालकाची परवानगी घेऊन पहा. किती ट्रॉल्यांना ब्रेक आहेत? तक्ता करून वर्गात लावा. कदाचित तो पाहून एखाद्या वर्गमित्राच्या घरची ट्रॉली वर्कशॉपमध्ये जाईल.