दूध आणि त्याच्या जागी येणारे पदार्थ

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात, आणि रायपूरचे मैदान हा त्याचा मध्यभाग होय. येथील कोसली गाय अंगाने लहान आहे. शेतकरी तिला पाळीत आला तो शेतीला बैल व खत मिळावे म्हणून. दुधाची धार तिची बेताचीच. त्यामुळे पुष्कळ घरांत दूध येते ते चहापुरते. अशा ठिकाणी दुधाचे काम दुसऱ्या कोणत्या पदार्थाकडून करून घ्यावे, हा प्रश्न केवळ चवीचा राहत नाही.

गाईच्या शंभर ग्रॅम दुधात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने व १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व असते, जे धान्यात व भाजीपाल्यात मिळत नाही. दुधातील शर्करा पचविणारे विकर अनेकांच्या शरीरात बालपणानंतर कमी होते. दूध प्याल्यावर त्यांचे पोट फुगते. दह्यात ह्या शर्करेचा काही भाग आंबून गेलेला असतो, म्हणून दही किंवा ताक त्यांना बहुधा मानवते.

आता भाताच्या मांडाकडे पाहू. छत्तीसगडीत त्याला पसिया म्हणतात. तो दिसतो दुधासारखा, पण त्यात मुख्यतः पिष्ट असते. प्रथिने व कॅल्शियम अगदी थोडे. मोठ्या माणसाने उन्हातून आल्यावर तो प्यावा, उत्तमच. परंतु तान्ह्या मुलाला दुधाऐवजी मांड पाजला तर मूल पोट भरूनही उपाशी राहते. पहिले सहा महिने त्याला केवळ आईचे दूध हवे. बाजारात मिळणारे तांदळाचे तयार पेयही बाळाच्या दृष्टीने मांडाच्याच पंक्तीत बसते.

त्याच राज्यात दक्षिणेकडे, बस्तरात, निराळी पेज पितात. ती मंडियाची, म्हणजे आपल्या नाचणीची. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमांहून अधिक कॅल्शियम असते. त्यातील सर्वच अंगी लागत नाही, हे खरे. धान्याला मोड आणल्यास अधिक लागते. पीठ पेजेतच राहते, हा तिचा मांडाहून मोठा विशेष.

सोयाबीनचे दूध प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ येते. घरी करताना भिजवून वाटलेला रस चांगला उकळला पाहिजे. कच्च्या सोयाबीनमधील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. कॅल्शियम मुद्दाम घातले नसेल तर ते त्यात कमीच असते, आणि ब-१२ नसतेच.

राहिली डाळ. ह्या मैदानात धान उभे असतानाच ओल्या शेतात तिवडा फेकून पेरतात. विदर्भात ह्यालाच लाखोळी म्हणतात. डाळ स्वस्त, प्रथिनांनी भरलेली. पण दुष्काळात महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणे मध्य भारतात घडली आहेत. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातील विषारी द्रव्य ओळखले. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच भाग जातो, सगळा नव्हे. म्हणून तिवडा रोजच्या जेवणातील एकमेव डाळ होऊ देऊ नये. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने कमी विषाचे 'महातिवडा' नावाचे वाण तयार केले आहे. बियाणे घेताना ते खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे लागते.