ईस्टर : आत्मपरीक्षणाचा सण



नाताळ हा सण आपल्या पूर्ण परिचयाचा आहे. त्याची तारीख ठरलेली असते व त्याची गीते लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. ईस्टरचे तसे नाही. वर्षपरत्वे त्याची तारीख बदलते. शिवाय त्याच्या मागे चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि शुभ शुक्रवारचा शोक असल्यामुळे केवळ नवी वस्त्रे लेवून तो साजरा करता येत नाही. हा सण माणसाला काही विचारतो. तो काय विचारतो, याचा थोडा अभ्यास येथे करावा असा आमचा हेतू आहे.

प्रथम तारखेविषयी. प्रभू येशूचे दुःखसहन व पुनरुत्थान यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास घडले. तो सण वसंतातील पौर्णिमेच्या वेळी येतो. म्हणून ईस्टरचाही संबंध चंद्राशी जडला. सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असे इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेत ठरले. आपल्याकडे चालणारा नियम असा : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यावी आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर समजावा. यामुळे हा सण २२ मार्चच्या आधी येत नाही व २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकांवरून धरतात, म्हणून पंचांगाशी तिचा कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. विद्यार्थ्यांनी जुनी पंचांगे काढून हे ताडून पाहावे. सन २०२४ मध्ये ही पौर्णिमा फाल्गुनाची, म्हणजे होळीची होती, आणि ईस्टर पाडव्याच्या आधी, ३१ मार्चला आला. सन २०२५ मध्ये ती चैत्राची, म्हणजे हनुमान जयंतीची होती, आणि ईस्टर २० एप्रिलला आला.

कोणी म्हणेल, दोन-तीन आठवडे मागेपुढे झाल्याने असे काय बिघडते? अन्यत्र बिघडत नसेल; आमच्या बीड जिल्ह्यात मात्र या आठवड्यांचे मोल मोठे आहे. पाटोदा, शिरूर, धारूर, केज या भागांतून दरवर्षी हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता झालेला. मग कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात, उसाच्या फडावर पाचटाच्या कोप्यांत पाच-सहा महिने काढायचे. कारखान्यांचे धुराडे थंडावले की ही मंडळी परततात, आणि तो काळ पुष्कळदा ईस्टरच्या आगेमागेच येतो. सण लवकर आला तर आईबाप अद्याप फडावर असतात. उशिरा आला तर घरी. नाताळात जी मुले एकटी होती, त्यांच्या घरी ईस्टरला चूल पेटते. म्हणून पुनरुत्थानाचा सण आम्हांस पुनर्भेटीचाही सण वाटतो.

परंतु भेट होणे निराळे आणि मने जुळणे निराळे. हाच या सणाचा गाभा आहे. तो समजण्यासाठी शिमोन पेत्राचे चरित्र पाहावे.

प्रभूला धरून नेले त्या रात्री पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. तू त्याच्यापैकी आहेस काय, असे त्यास तीनदा विचारण्यात आले आणि तीनदा त्याने नाकारले. कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. पुढे पुनरुत्थान झाले, कबर रिकामी आढळली, सर्वत्र आनंद झाला. पण पेत्राच्या मनातील शल्य त्या आनंदाने आपोआप निघाले असेल काय? योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात याचे उत्तर मिळते. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी असलेल्या शिष्यांना पहाटे प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर भेटला. तेथेही कोळशाचा विस्तव होता. त्यावर मासे होते आणि जवळ भाकरी होती. प्रभूने प्रथम सर्वांना जेवू घातले. नंतर त्याने पेत्रास, माझ्यावर तुझी प्रीती आहे काय, असे तीनदा विचारले. जितक्या वेळा नाकारले, तितक्या वेळा प्रीती सांगण्याची संधी त्यास दिली. आणि दर वेळी आपली मेंढरे सांभाळण्याचे काम त्याच्यावर सोपविले.

या प्रसंगातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी अन्न, मग प्रश्न, मग काम. प्रभूने पेत्राचा अपराध चारचौघांत वाचून दाखविला नाही. तो झालाच नाही असेही भासविले नाही. अपराध झाकला तर तो आत कुजतो, आणि केवळ उगाळला तर माणूस खचतो. त्याकडे सरळ पाहून पुढील कर्तव्य उचलणे, यालाच आम्ही आत्मिक नवीकरण म्हणतो.

आता आपण आपल्याकडे वळू. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलास सोबती विचारतात, तुझे वडील काय करतात? त्याचे वडील फडावर ऊस तोडीत असतात, आई डोक्यावर मोळी वाहून गाडी भरीत असते. आणि मुलगा खाली पाहून म्हणतो, नोकरीला आहेत. विद्यार्थिमित्रहो, हे उत्तर देताना कोणता कोंबडा आरवला, ते तुमचे तुम्हांलाच ऐकू येईल. ज्या हातांवरील घट्ट्यांमुळे तुमच्या हाती पुस्तक आले, ते हात नाकारू नका.

दोष केवळ मुलांचा नाही. पालक सहा महिन्यांनी घरी येतात आणि पुष्कळदा पहिला प्रश्न गुणांचा करतात. मूल आधीच धास्तावलेले असते. आधी जेवण, मग प्रश्न, हा किनाऱ्यावरील धडा येथे फार उपयोगी पडेल. आणि आम्ही शिक्षक? हजेरी घेताना उत्तर आले नाही की ‘गैरहजर’ असे लिहून आम्ही पुढचे नाव पुकारतो. ते मूल धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी फडावर गेले आहे काय, याची चौकशी आम्ही प्रत्येक वेळी केली, असे आम्हांस म्हणता येत नाही. मेंढरे सांभाळण्याचे काम आम्हांवरही सोपविलेले आहे.

आत्मपरीक्षणाने माणूस खरोखर बदलतो काय, अशी शंका कोणास आली तर शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एक उदाहरण पाहावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. टिळकांनी बळजबरी केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनीच शांतपणे विचार केला आणि जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सर्व निःसंकोचपणे, स्वतःच्या चुकांना हसत सांगितले आहे. विचार मनात झाला, पण त्याची खूण मात्र पाण्याच्या पेल्यावर दिसली, हे विशेष.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत मधले रविवार वगळता बरोबर चाळीस दिवस होतात. या दिवसांत रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी थोडा वेळ स्वस्थ बसून प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावे. आज मी कोणाला नाकारले? आज मला कोणी जेवू घातले, आणि मी त्याची आठवण ठेवली काय? उद्या माझ्यावर कोणाला सांभाळण्याचे काम आहे? उत्तरे कोणास दाखविण्याची गरज नाही; मात्र तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी कृतीत दिसावे.

चैत्रात आपल्या बालाघाटाच्या उजाड डोंगरांवर लिंबाला तांबूस पालवी फुटते. ती फुटावी म्हणून जुनी पाने आधी गळावी लागतात. येत्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेहून घरी परतताना प्रत्येक विद्यार्थ्याने आईबापांचे हात हाती घ्यावे. ती दोघे अद्याप फडावर असतील, तर वर्गातील सोबत्यांना त्यांचे काम मान वर करून सांगावे. प्रभू तुम्हां-आम्हां सर्वांस हे धैर्य देवो.