रुप्याच्या चमच्यावरील ठसे

जुने इंग्रजी रुप्याचे चमचे जमविणें हा श्रीमंतांचा छंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्यापाशीं मात्र असा एकच चमचा आहे, व तोहि चंद्रपुरांतील एका सराफाच्या मोडीच्या डब्यांतून वजनाच्या भावानें घेतलेला.

सराफ त्यांत तोळेच पाहतो. पण दांड्याच्या पाठीवर भिंग धरिलें असतां बारीक ठशांची एक ओळ दिसूं लागते. पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे रुपें 'स्टर्लिंग', हजारांत 925 भाग शुद्ध, याची ग्वाही. हा ठसा 1544 पासूनचा. आपल्याकडील गोंड-माडिया स्त्रियांच्या माळांत दिसणारा राणीछाप रुपया याहून किंचित् हिणकस, बारांत अकरा भाग शुद्ध. बिबट्याचें मस्तक असेल तर तपासणी लंडनची. नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, तीहि 1773 पासूनची. (बर्मिंगहॅमास समुद्र नाहीं, तरी नांगर त्याच्याच वांट्यास आला!) राजाचें किंवा राणीचें मुख ही सरकारी कर भरल्याची खूण, ती 1784 ते 1890 या काळांतील. शिवाय कारागिराचीं आद्याक्षरें असतात. लंडनच्या हेस्टर बेटमन या विधवेनें पतीच्या पश्चात् कारखाना हातीं घेऊन 1761 सालीं आपलीं अक्षरें नोंदविलीं. तिचे चमचे संग्राहक आजहि आवर्जून शोधतात.

राहिलें वर्षाचें अक्षर. तें दरसाल बदलत असल्यामुळें कोष्टक पाहून नेमकें वर्ष काढतां येतें; या छंदाची खरी गोडी येथेंच. माझ्या चमच्यावर तें प्रथम अंधुक दिसत होतें. परंतु कोष्टक हातीं येण्यापूर्वींच, चकाकी यावी म्हणून, मीं तो वर्षभर दर आठवड्यास राखेनें घासला, आणि अक्षर नाहींसें झालें. राजमुख शिल्लक आहे. म्हणून 1784 ते 1890 यांमधील कोणत्या तरी वर्षाचा, एवढेंच आतां सांगतां येतें. तुम्हांस असा चमचा मिळाला तर कोमट पाणी, साबण व मऊ कापड पुरे.

'ई. पी. एन. एस.' हीं अक्षरें दिसलीं तर समजावें कीं वर विजेनें चढविलेला रुप्याचा मुलामा आहे, व आंतील मिश्रधातूंत रुपें मुळींच नाहीं. कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि कंपनीसारख्या पेढ्यांचे चमचे रुप्याचे असले, तरी त्यांवरील ठसा पेढीचाच; कारण इंग्रजी अमदानींत येथें अशी तपासणी करणारी सरकारी कचेरी नव्हती. चांदीसाठीं आपल्याकडे हॉलमार्क आला तो 2005 सालीं.

सराफाच्या त्या डब्यांत आणखी तीन चमचे होते. पगार झाल्यावर घेऊं, असें म्हणून मीं ते तसेच ठेविले. पुढील महिन्यांत गेलों, तों ते मुशींत आटले होते. त्यांचे ठसे मीं वाचलेहि नव्हते.